मापसाहेबांच्या गाडीचा काटा

गाडी कुठे बंद पडावी हे ठरवण्याचा हक्क मालकाला नसतो, ही मोटारी बनवणाऱ्यांची मोठी चूक म्हटली पाहिजे. मापसाहेबांची जुनी गाडी बंद पडली ती नेमकी एका पेट्रोल पंपाच्या तोंडाशी. पंपही असा, की त्याचं एक मशीन कमी माप देतं म्हणून मापसाहेबांनी नोकरीत असताना स्वतःच्या हाताने सील केलं होतं. गाडी बंद पडली ती पेट्रोल संपून, आणि समोरचा काटा मात्र ठणठणीत अर्धी टाकी दाखवत होता.

पंपाच्या मालकाने साहेबांना लांबूनच ओळखलं. तो गल्ल्यावरून उठला, हसू आवरत चालत आला आणि खिडकीशी वाकला.

"साहेब, आपलं माप चुकलं वाटतं?"

"काटा बिघडलाय," मापसाहेब म्हणाले.

"आम्हीपण तेव्हा हेच सांगत होतो."

मापसाहेबांनी बाटलीत थोडं पेट्रोल मागितलं, तर मालकाने कानाला हात लावले. "बाटलीत द्यायचं नाही असा नियम आहे, साहेब. तुम्हाला का मी सांगायचं?" मग पंपावरच्या दोघा नोकरांनी गाडी ढकलत मशीनपाशी नेली. मापसाहेब आत स्टिअरिंग धरून, चेहऱ्यावर शक्य तेवढा अधिकार ठेवून बसले होते. पेट्रोल भरायला सुरुवात होताना त्यांची मान सवयीने आकड्याकडे वळली. मालक लगेच म्हणाला, "बघा, बघा. शून्य बघून घ्या." मापसाहेब घरी पोचले तेव्हा त्यांचे कान अजून गरम होते.

मापसाहेब वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. इमारतीतल्या लोकांनी त्यांना हे नाव दिलं होतं आणि ते त्यांना आवडायचं. सगळी नोकरी त्यांनी दुसऱ्यांचे तराजू तपासण्यात घालवली. दुकानदार त्यांना बघून चहा सांगायला धावायचे आणि ते म्हणायचे, "नको." ज्याच्या दुकानात चहा घेतला त्याच्या तराजूकडे सरळ नजरेने बघता येत नाही, हे त्यांचं तत्त्व. तत्त्व चांगलंच होतं. पण बाकीचे लोक ऑफिसचे बूट दाराशी काढून घरात शिरतात, तसं मापसाहेबांनी हे तत्त्व कधी दाराशी काढलं नाही. इमारतीत कुणी "या चहाला" म्हटलं की त्यांच्या तोंडून आधी "नको" निघायचं, मग कोण बोलावतंय ते दिसायचं.

बायको होती तोवर हे खपून गेलं. ती सगळ्यांकडे जायची, दोघांच्या वाटणीचं बोलायची आणि दोघांच्या वाटणीचा चहा प्यायची. ती गेल्यावर लोक काही दिवस आले. मापसाहेबांनी प्रत्येकाला सांगितलं, "नको, काही नको, माझं ठीक आहे." लोकांनी ते खरं मानलं. आता दिवसाकाठी ते जिन्यात कुणाला तरी "लिफ्ट वर आहे का?" एवढंच विचारत, आणि त्यासाठीसुद्धा कधीकधी लिफ्ट समोर उभी असताना विचारावं लागे.

मुलगी दूर दुसऱ्या देशात असायची. तिचा रोज फोन यायचा. "बाबा, जेवलात? औषध घेतलं? सगळं ठीक?" तिन्ही प्रश्नांना "हो" म्हटलं की फोन संपे. त्या संध्याकाळी मात्र मापसाहेबांनी पंपाची हकिकत सांगितली. "आम्हीपण तेव्हा हेच सांगत होतो" या वाक्याला मुलगी इतकी हसली, की तिने नवऱ्याला बोलावून हकिकत परत सांगायला लावली. गॅसवर ठेवलेलं दूध उतू गेलं. ओटा पुसताना मापसाहेबांच्या लक्षात आलं की आपणही हसतोय.

रविवारी सकाळी त्यांनी जुना शर्ट चढवला आणि पार्किंगमध्ये गेले. गाडीचं मागचं डावं दार कुलपाला जुमानत नसे. किल्ली फिरवा न फिरवा, हिसका दिला की उघडायचं. चोराला मोह पडावा असं आत काही नव्हतं, म्हणून ते तसंच राहिलं होतं. त्या दाराने त्यांनी मागची सीट उचलून बाहेर काढली. खाली पत्र्याचं झाकण, झाकणाखाली टाकीचं तोंड आणि त्यात शिरलेली तार. दुसऱ्याच्या यंत्राचं पोट उघडताना मापसाहेबांचा हात कधी थरथरला नव्हता. स्वतःच्या गाडीपुढे मात्र त्यांना काय धरावं ते कळेना.

"काटा का?" मागून आवाज आला.

हे अर्थिंगकाका. चौथ्या मजल्यावर राहायचे, वीज खात्यातून निवृत्त. जगातल्या यच्चयावत बिघाडांचं मूळ अर्थिंगमध्ये असतं, असं त्यांचं ठाम मत होतं. फ्रिज, लिफ्ट, टीव्ही, फार काय सोसायटीच्या सेक्रेटरींची गुडघेदुखी, कशालाही त्यांचं निदान एकच. घरी मात्र मिक्सर दुरुस्त करताना त्यांनी अख्ख्या मजल्याची वीज घालवल्यापासून सूनबाईंनी त्यांची हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली होती आणि शिडी मुलाच्या ताब्यात दिली होती. खिशातला टेस्टर आणि पिवळ्या चिकटपट्टीचं वेटोळं, एवढीच त्यांची शिल्लक उरली होती. त्या पट्टीने त्यांनी स्वतःच्या चष्म्याची दांडी, छत्रीची मूठ आणि जिन्याचा कठडा गुंडाळून काढला होता, आणि नवीन काही गुंडाळायला मिळतंय का हे बघत ते दिवसभर वरखाली करत.

"मी... बघू का जरा?" त्यांनी विचारलं. हे विचारताना त्यांनी टेस्टर आधीच खिशातून बाहेर काढला होता. मापसाहेबांच्या तोंडावर "नको" आलं होतं, पण टेस्टरकडे बघून ते परत आत गेलं.

अर्थिंगकाकांनी तार सुटी केली. काटा शून्यावर पडला. मग तारेचं टोक त्यांनी गाडीच्या पत्र्याला टेकवलं, तसा काटा डुलत डुलत थेट 'भरलेली'वर जाऊन बसला.

"म्हणजे काटा ठीक, तार ठीक," अर्थिंगकाका म्हणाले. "दोष टाकीत. आत एक फ्लोट असतो. पेट्रोलवर तरंगतो. त्याची दांडी वरखाली झाली की काटा हलतो. ती अडकलीय." एवढं शास्त्रशुद्ध बोलल्यावर त्यांना स्वतःचीच काळजी वाटली असावी, कारण ते घाईने म्हणाले, "तरी पण आधी अर्थिंग घासून घेऊ."

अर्थिंग घासणं चालू असताना तळमजल्यावरच्या सिस्टर बाहेर आल्या. इस्पितळातून निवृत्त झाल्या तरी त्यांची चाल अजून वॉर्डातलीच होती. "पेशंटला काय होतंय?" त्यांनी विचारलं. "कधीपासून? अचानक की हळूहळू? आधी काही तक्रार होती?" मापसाहेबांनी जमेल तशी उत्तरं दिली. सिस्टरांनी टाकीत डोकावून बघितलं आणि मान हलवली. मापसाहेबांना त्या मान हलवण्याची उगाच भीती वाटली.

तेवढ्यात पेट्रोलच्या वासावर सेक्रेटरी हजर. "पार्किंग हे पार्क करण्यासाठी आहे," ते म्हणाले. "दुरुस्तीला कमिटीची परवानगी लागते."

"ही दुरुस्ती नाही," मापसाहेब म्हणाले. "ही तपासणी आहे." आयुष्यभर वापरलेला हा शब्द त्यांनी अशा सुरात उच्चारला, की सेक्रेटरी क्षणभर आपल्याच पायजम्याची नाडी तपासू लागले. मग त्यांनी जाऊन आगीसाठी ठेवलेली वाळूची लाल बादली आणली आणि तीवर बूड टेकून पहारा सुरू केला. बादलीत कुणीतरी पुदिना लावला होता, तो दबला. कमिटी कधी बसली नाही. पण सेक्रेटरी मात्र त्यानंतर दर रविवारी बसले.

सिस्टरांनी चहा आणला. मापसाहेब म्हणाले, "नको." त्यांच्या वाटणीचा कप सेक्रेटरी प्यायले.

पुढच्या रविवारी फ्लोट बाहेर काढायचा ठरलं. टाकीच्या तोंडावरची कडी फिरवण्यासाठी अर्थिंगकाकांनी लाकडी ठोकळा लावून हलके ठोके मारले. सिस्टर बाजूला चिंधी घेऊन उभ्या होत्या आणि ते "चिंधी" म्हणायच्या आत त्यांच्या हातात देत होत्या. शेवटी एकदाचं ते यंत्र बाहेर आलं: एक वाकडी दांडी, तिच्या टोकाला पोकळ गोळा, आणि सगळ्यावर गंजाचा थर. सगळे वाकून बघत राहिले. बारशाला बाळ बघावं तसे चेहरे झाले होते, फक्त "कुणावर गेलाय" एवढं कुणी विचारलं नाही.

गंज घासला. दांडी हलायला लागली. यंत्र परत बसवलं, तार जोडली, आणि मापसाहेब मोठ्या ऐटीत पंपावर जाऊन टाकी भरून आले. टाकी भरली तसा काटा खाली खाली जाऊन शून्यावर विसावला. मग दिवसेंदिवस पेट्रोल जळत गेलं तसा काटा वर चढत गेला.

"दांडी उलटी बसली," पुढच्या रविवारी अर्थिंगकाका डोकं खाजवत म्हणाले.

"मग उलटं वाचा की," सेक्रेटरी बादलीवरून म्हणाले. "शून्य दिसलं की भरलेली. सवयीचा प्रश्न आहे."

मापसाहेब ताडकन उभे राहिले. "उलटं माप? अहो, एका माणसाने उलटा तराजू वापरला म्हणून मी त्याचं दुकान..." त्यांचा आवाज पार्किंगभर घुमला. कबुतरं उडाली. खात्यातल्या भल्याबुऱ्या सगळ्या आठवणी त्यांनी त्या दिवशी सांगितल्या, आणि विशेष म्हणजे लोकांनी ऐकल्या. सिस्टर तर हसून हसून बोनेटला टेकल्या. डोळे पुसत त्यांनी चहाचा ट्रे पुढे केला.

"न..." मापसाहेबांनी सुरुवात केली.

"साहेब, माझ्या घरात तराजू नाही," सिस्टर म्हणाल्या. "तपासण्यासारखं काहीच नाही. घ्या."

मापसाहेबांनी कप घेतला. साखर त्यांनी स्वतः घातली. चमचा बोटाने सपाट करून, एक दाणा इकडचा तिकडे होणार नाही अशी. चहा फारसा चांगला नव्हता. तो त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

दांडी सुलटी बसली, तर गोळ्याला भोक निघालं. गोळा पेट्रोल पिऊन बुडायचा आणि भरल्या टाकीलाही काटा शून्य दाखवायचा. मग सिस्टरांनी औषधाच्या जुन्या बाटल्यांची बुचं आणली, ती एकत्र बांधून फ्लोट केला. तो इतका उत्साहाने तरंगला, की गाडीने वळण घेतलं की काटा इकडून तिकडे नाचायचा. सेक्रेटरींनी संडासाच्या टाकीतला गोळा सुचवला आणि तो खरोखर घेऊन आले. तो टाकीच्या तोंडातून आत जाईना. असे एकामागून एक रविवार गेले. मापसाहेब शनिवारीच जुना शर्ट खुर्चीवर काढून ठेवू लागले. मुलगी फोनवर "जेवलात का" विचारायचं विसरली. आता पहिला प्रश्न असायचा, "बाबा, काट्याचं काय झालं?" आणि मग मापसाहेब खुर्ची ओढून नीट बसायचे.

आणि एक दिवस कुरियरवाला पार्सल घेऊन आला.

मुलीने कुठून कुठून शोधून त्याच जुन्या गाडीचा नवाकोरा फ्लोट पाठवला होता. "सरप्राइज!" ती फोनवर म्हणाली. "आता तुमची कटकट संपली, बाबा." मापसाहेब म्हणाले, "अगं वा! छान केलंस." पार्सल त्यांनी टेबलावर ठेवलं. ते फोडावंसं त्यांना वाटेना. दुपारभर ते त्याच्या समोर बसून राहिले. इतकी प्रेमाने पाठवलेली वस्तू बघून वाईट का वाटावं, हे त्यांना कळत होतं आणि म्हणूनच त्यांना स्वतःचा रागही येत होता.

रविवारी फ्लोट बसवला. चहा गरम होता तोवर काम आटोपलं. टाकी जेवढी, काटा तेवढा. एक केसभरही फरक नाही. निरीक्षक म्हणून मापसाहेबांना त्यात दोष काढता येईना, आणि त्यांनी प्रयत्न केला नाही असं नाही.

"झालं तर मग," सेक्रेटरी म्हणाले आणि बादली जागेवर नेऊन ठेवली. सिस्टरांनी कप गोळा केले. अर्थिंगकाका बराच वेळ रिकाम्या हातांनी उभे होते. "अर्थिंग ठीक आहे ना, एकदा बघू का?" त्यांनी विचारलं. बघितलं. ठीक होतं. मग तेही जिन्याकडे गेले.

त्यानंतरच्या रविवारी मापसाहेब जुना शर्ट घालून खाली गेले. पार्किंगमध्ये कुणी नव्हतं. त्यांनी गाडी पुसली. आधीच स्वच्छ होती, तरी परत पुसली. सेक्रेटरी वर्तमानपत्र घेऊन जाताना दिसले. "काय, ठीक?" "ठीक." सिस्टर पिशवी घेऊन बाहेर पडल्या, हात हलवून गेल्या. त्यांना कुठे तरी जायचं होतं, त्यांचं काही चुकलं नव्हतं. कुणाचंच काही चुकलं नव्हतं. चालणाऱ्या काट्याभोवती लोकांनी जमावं तरी कशाला?

संध्याकाळी फोन आला. "काटा?"

"चालतो. अगदी बरोबर."

"मस्त! जेवलात? औषध घेतलं?"

"हो."

"सगळं ठीक?"

"हो," मापसाहेब म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी दूध तापवलं. या वेळी ते उतू गेलं नाही.

तो आठवडा त्यांनी कसाबसा काढला. मापात ढवळाढवळ करणं हा गुन्हा आहे, हे त्यांनी जन्मभर लोकांना ऐकवलं होतं. हेतुपुरस्सर केली तर मोठा गुन्हा. पण माप स्वतःचंच असेल, फसवणूकही स्वतःचीच असेल, तर फिर्याद कोण करणार? ते मनातल्या मनात दोन्ही बाजूंनी वाद घालत राहिले. शनिवारी दुपारी, सगळी इमारत जेवून आडवी झालेली असताना, ते चोरपावलांनी खाली उतरले. त्यांना एवढंच करायचं होतं: सीट उचलायची, तार उपटायची, आणि वर येऊन झोपायचं. बस. खात्यातल्या कुणाला कळणार होतं?

त्यांनी मागच्या डाव्या दाराला हिसका दिला. सीट उचलली. झाकण सरकवलं.

तार आधीच काढलेली होती.

मापसाहेब तसेच वाकलेले राहिले. तार तुटली नव्हती, निसटली नव्हती. कुणीतरी ती जपून सुटी केली होती. आणि तिचं उघडं टोक पेट्रोलच्या टाकीजवळ ठिणगी टाकू नये म्हणून ते पिवळ्या चिकटपट्टीने व्यवस्थित गुंडाळलं होतं. पट्टीचे वेढे एकसारखे, एकावर एक, जिन्याच्या कठड्यावर होते तसेच.

ते गाडीच्या दारात पायरीवर बसले. आधी त्यांना निरीक्षकाला येतो तसा राग आला. दुसऱ्याच्या वाहनात शिरून, परवानगीशिवाय, मापाच्या यंत्राशी... मग त्यांना चौथ्या मजल्यावरचा माळा आठवला. माळ्यावरची पेटी आठवली, आणि मुलाच्या ताब्यातली शिडी. गेल्या रविवारी आपण खाली गाडी पुसत होतो तेव्हा हा माणूसही वर कुठेतरी खिडकीशी रिकाम्या हातांनी उभा असणार. आपण एकटेच एकटे आहोत, असं ते इतके दिवस धरून चालले होते, आणि तेही माप चुकलं होतं.

त्यांनी पट्टीला हात लावला नाही. झाकण सरकवलं, सीट होती तशी बसवली, दार हळूच लावलं.

रविवारी सकाळी ते खाली आले तेव्हा अर्थिंगकाका गाडीच्या आसपास घुटमळत होते. चष्म्याच्या दांडीला नवी पट्टी होती. ते आकाशाकडे बघत होते, भिंतीकडे बघत होते, फक्त गाडीकडे बघत नव्हते.

"काय हो मापसाहेब," ते म्हणाले, "काटा कसाय?"

"काय सांगू, परत शून्यावर," मापसाहेब म्हणाले.

"अरेरेरे!" अर्थिंगकाकांनी कपाळाला हात लावला. बिचाऱ्यांना अभिनय अजिबात जमत नव्हता. "नवा फ्लोट आणि असं? मला वाटतं, अर्थिंग."

"मलाही तेच वाटतं," मापसाहेब म्हणाले. "पण घाई करायची नाही. सुरुवातीपासून सगळं तपासू. एखाद्या रविवारी आटपेल असं दिसत नाही."

अर्थिंगकाकांनी त्यांच्याकडे बघितलं. मापसाहेबांनीही बघितलं. मग अर्थिंगकाकांनी घाईघाईने टेस्टर काढला आणि सीट उचलण्यासाठी पलीकडून हात घातला.

बादली ओढत आणल्याचा आवाज झाला. तळमजल्यावरची खिडकी उघडली.

"परत आजारी पडली का?" सिस्टर ओरडल्या. "चहा टाकतेय. मापसाहेब, तुमच्यात साखर किती घालू?"

"घाला अंदाजाने," मापसाहेब म्हणाले, आणि बाह्या वर सारून सीटचं दुसरं टोक धरलं.